काठीची सावली आणि कांद्याचे टरफल: अल्पखर्ची वर्गकृतींविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या खोऱ्यात वसलेले नामपूर हे कांद्याच्या बाजारपेठेसाठी आणि परिसरातील डाळिंबबागांसाठी ओळखले जाते. अशा गावातील प्राथमिक शाळेला वाचन, लेखन, गणित आणि विज्ञान या चारही विषयांसाठी लागणारे पुष्कळसे साहित्य शाळेच्या कुंपणाबाहेर पडताच मिळू शकते: मक्याची ताटे, चिंचोके, कांद्याची टरफले, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, बाजार समितीतल्या हिशोबपट्ट्या, आणि वर्षातील बहुतेक महिने मोकळ्या आकाशातून मिळणारे ऊन. परिसरात सहज आणि जवळजवळ फुकट मिळणाऱ्या वस्तू वापरून विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहण्याच्या अभ्यासास येथे ‘अल्पखर्ची वर्गकृती’ म्हटले आहे. या कृतींविषयी दोन तऱ्हेचे गैरसमज प्रचलित आहेत. त्यांतला एक त्यांना कमी लेखतो, तर दुसरा त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवतो. आणि पहिल्यापेक्षा दुसऱ्याने वर्गाचे अधिक नुकसान होते.

ज्या शाळेला प्रयोगशाळा परवडत नाही तिच्यासाठी काढलेली ही दुय्यम दर्जाची पळवाट आहे, हा पहिला समज. या पद्धतीचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांतील शाळा आणि प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाल्यानंतर तेथील शिक्षकांसाठी जे. पी. स्टीफनसन यांनी साध्या वस्तूंतून विज्ञान शिकवण्याच्या सूचनांची पुस्तिका तयार केली, आणि तिचाच विस्तार होऊन 1956 मध्ये युनेस्कोचा विज्ञान अध्यापनाचा प्रसिद्ध संदर्भग्रंथ निघाला. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षण उभे केले, त्यात पाने, बिया, शिंपले, खडे हेच शैक्षणिक साहित्य होते. गुरे चारायला गेलेल्या मुलांपर्यंत शाळाच पोहोचावी म्हणून त्यांनी कुरणशाळाही चालवली. मध्य प्रदेशात 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम याच विचारावर तीस वर्षे चालला. नामपूरला भाषेने आणि शेतीने जवळ असलेल्या खानदेशात, जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या शाळांमध्ये, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 1970 च्या दशकात विज्ञान अध्यापन सुधारण्याचे काम केले. यांपैकी एकाही ठिकाणी स्वस्त वस्तू केवळ नाइलाज म्हणून आल्या नव्हत्या. मुलाला जे ओळखीचे आहे त्यावर त्याला प्रश्न विचारता येतो, ही त्यामागची भूमिका होती.

दुसरा समज असा की मुलांच्या हाती वस्तू दिली, त्यांनी ती जोडली, मोडली, रंगवली, की शिक्षण आपोआप घडते. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केलेली आगकाड्यांची मॉडेले येथे उदाहरणादाखल घेता येतील. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे सांधे म्हणून वापरून आगकाड्या जोडल्या की त्रिकोण, चौकोन, घन असे आकार बनतात. केवळ आकार बनवून ते भिंतीवर टांगणाऱ्या वर्गाला हस्तकलेचा आनंद मिळतो, पण भूमिती मिळत नाही. त्रिकोण आणि चौकोन यांना कोपऱ्यातून ढकलले तर काय होईल, याचा अंदाज आधी पाटीवर लिहून घेतला, मग ढकलून पाहिले, चौकोन कलंडतो आणि त्रिकोण आपला आकार सोडत नाही हे दिसल्यावर चौकोनात एक तिरपी काडी बसवून पुन्हा पाहिले, आणि त्यानंतर गावातल्या कांदाचाळीच्या छपराखालच्या कैच्या पाहण्यास मुलांना पाठवले, तर त्याच काड्यांतून बांधकामाचे एक मूलतत्त्व मुलांच्या हाती लागते. दोन्ही वर्गांत साहित्य सारखेच आहे. फरक पडतो तो कृतीआधी विचारलेल्या प्रश्नाने, बांधलेल्या अंदाजाने आणि कृतीनंतर ठेवलेल्या नोंदीने. अल्पखर्ची कृतीची खरी किंमत या तीन गोष्टींत असते, आणि नेमक्या त्याच शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या घाईत गळून पडतात.

हेच अधिक स्पष्ट दिसते ते काठीच्या सावलीच्या प्रयोगात, ज्याला एका सरळ काठीपलीकडे काहीही लागत नाही. एक मीटर उंचीची काठी मैदानात ओळंबा लावून सरळ उभी करावी, आणि मधल्या सुट्टीच्या सुमारास तासभर दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो आणि तेव्हा सावली सर्वांत आखूड असते, असे मुलांना आणि बहुतेक प्रौढांनाही ठामपणे वाटते. नामपुरात ते घडत नाही. भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे, नामपूर त्याच्या सुमारे आठ अंश पश्चिमेस आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. म्हणून येथील खरी मध्यान्ह सरासरीने साडेबारानंतर येते, आणि पृथ्वीच्या कक्षेच्या लंबगोल आकारामुळे व अक्षाच्या कलामुळे ती नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबाराच्या आसपास, तर फेब्रुवारीत पावणेएकच्या आसपास सरकते. हे उत्तर शिक्षकाने आधी सांगायचे नसते. ते खड्यांच्या रांगेतून मुलांना काढू द्यायचे असते.

हाच प्रयोग वर्षभर, महिन्यातून एकदा केला तर त्यातून भूगोलाचा एक मोठा भाग उलगडतो. 22 डिसेंबरच्या सुमारास त्या काठीची मध्यान्हीची सावली जवळजवळ काठीएवढी, म्हणजे सुमारे 97 सेंटिमीटर भरते आणि उत्तरेकडे पडते. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी ती 38 सेंटिमीटरच्या आसपास येते. आणि 21 जूनच्या सुमारास, ढगांनी सवड दिली तर, ती पाच सेंटिमीटरहून क्वचितच मोठी असते आणि चक्क दक्षिणेकडे वळलेली दिसते. नामपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य गावाच्या उत्तरेस असतो, आणि या कालखंडाच्या दोन टोकांना एकेका दिवशी सावली पायथ्याशीच विरून जाते. यांपैकी पहिला दिवस उन्हाळी सुट्टीत आणि दुसरा पावसाळी ढगांत येतो, त्यामुळे शून्य सावली शाळेत पाहण्याची संधी दुर्मीळ असते. मात्र त्या दिवसाची तारीख आधीच्या नोंदींवरून आलेख काढून वर्तवणे शक्य असते, आणि न पाहिलेल्या गोष्टीचा असा आधारयुक्त अंदाज बांधणे हे पाहण्याइतकेच मोलाचे विज्ञान आहे. या कृतीत मोजमाप, दशांश अपूर्णांक, आलेख आणि निरीक्षणाचे लेखन एकत्र येते. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, ही सूचना मात्र प्रत्येक वेळी द्यावीच लागते.

रसायनशास्त्रासाठी उपकरणे आणि आम्लांच्या बाटल्या लागतातच, हा समज स्वयंपाकघरातील हळद मोडून काढते. हळदीने रंगवलेला कागद साबण, खाण्याचा सोडा किंवा चुना यांच्या संपर्कात लाल होतो आणि लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळा होतो. हळदीची मर्यादाही तितकीच शिकण्यासारखी आहे: आम्ल आणि साधे पाणी या दोन्हींत ती पिवळीच राहते, त्यामुळे त्यांतला भेद तिला दाखवता येत नाही. तो दाखवते लाल कांद्याच्या टरफलांचा काढा, कारण टरफलांतले अँथोसायनिन नावाचे रंगद्रव्य आम्लात गुलाबी-लाल आणि अल्कलीत हिरवट-पिवळे होते. ज्या गावात टरफलांचे ढीग वाऱ्यावर उडतात, तेथे दर्शक द्रव्य विकत आणण्याचे कारण उरत नाही.

वाचनाबाबतचा समज अधिक खोल रुजलेला आहे: आधी सर्व मुळाक्षरे, मग पूर्ण बाराखडी, आणि त्यानंतर शब्द. चौतीस व्यंजनांच्या बाराखड्या मिळून चारशेहून अधिक अक्षररूपे होतात. ती सर्व पाठ होईपर्यंत मुलाला एकही अर्थपूर्ण शब्द वाचायला मिळाला नाही, तर वाचन म्हणजे अर्थ शोधणे हे त्याला कळणारच कसे? वस्तुतः क, म, न, ल ही चार अक्षरे आणि काना व वेलांटी या दोन खुणा एवढ्यावर मका, काम, कान, नाक, मान, लाल, माल, कमान, नाला, मामी, काकी असे अनेक ओळखीचे शब्द तयार होतात. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर ही अक्षरे लिहून कापलेल्या पट्ट्या हे त्यासाठी पुरेसे साहित्य आहे. मुलांनी त्या जुळवून शब्द बनवावेत, बनलेला शब्द अर्थपूर्ण आहे की नाही हे आपसांत ठरवावे, आणि मगच पुढचा अक्षरगट घ्यावा. वरच्या इयत्तांना दुकानांच्या पाट्या, एसटीचे फलक आणि बाजारातील हिशोबपट्ट्या हे वाचनसाहित्य म्हणून वापरता येते, मात्र पट्टीवरील शेतकऱ्याचे नाव झाकून.

लेखनाविषयीचा गैरसमज मराठी शाळेत ‘शुद्धलेखन’ या प्रथेने जपला आहे. पुस्तकातील उतारा वळणदार अक्षरात उतरवणे हा हाताचा सराव आहे; लेखन म्हणजे स्वतःला सांगायचे ते वाक्यात बांधणे. एका कागदाला घड्या घालून आणि मध्ये एक काप देऊन आठ पानांची पुस्तिका तयार होते, आणि तिच्यात मुलाने आपल्या शेळीविषयी किंवा कांदा भरणीविषयी लिहिलेली आठ वाक्ये वर्गातल्या दुसऱ्या मुलासाठी खरे वाचनसाहित्य ठरतात. येथे बागलाणपुरता एक प्रश्न उभा राहतो. या भागातील अनेक मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते, आणि वर्गात ती आली तर प्रमाण मराठी बिघडेल अशी भीती पालकांना आणि काही शिक्षकांनाही वाटते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा माध्यम असावी असे म्हटले आहे. पहिले लेखन अहिराणीत होऊ देणे, आणि मग तोच मजकूर प्रमाण मराठीत कसा सांगता येईल हे वर्गाने मिळून ठरवणे, यात मूल दोन्ही भाषांविषयी सजग होते. गप्प बसवलेले मूल कोणत्याही भाषेत लिहीत नाही.

गणितात काड्या आणि बिया फक्त पहिलीपुरत्या असतात, नंतर पाढे पाठ केले की भागते, असे मानले जाते. स्थानिक किंमत, म्हणजे अंकाच्या जागेवरून ठरणारे त्याचे मूल्य, ही संकल्पना मात्र वरच्या इयत्तांतही कच्ची राहते, आणि मराठी संख्यानामांत एकक आधी आणि दशक नंतर उच्चारले जात असल्याने सत्तेचाळीस ऐकून 74 लिहिणारी मुले सर्वत्र आढळतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा वाचनाचा पर्याय आला तेव्हा त्यावर राज्यभर वाद झाला. वाद कसाही सुटो, मक्याच्या ताटांच्या दहा-दहा कांड्यांच्या जुड्या बांधून चार जुड्या आणि सात सुट्या कांड्या मुलासमोर ठेवल्या, तर संख्येचे नाव कोणत्याही क्रमाने उच्चारले तरी तिचा अर्थ डळमळत नाही. चौथी-पाचवीत याच मार्गाने कांद्याच्या वजनाचा अभ्यास घेता येतो: जाळीच्या पिशवीत मोजून पाच किलो कांदा टांगावा, दर आठवड्याला वजन करावे, घट टक्केवारीत मांडावी, आणि क्विंटलचा दर किती वाढला तर साठवणूक परवडते याचे उत्तर मुलांनी स्वतः काढावे. त्या गणिताचे घरोघरी काय महत्त्व आहे हे नामपूरच्या मुलांना सांगावे लागत नाही.

टाकाऊ ते सर्व वापरण्याजोगे, हा समज तर धोक्याचा आहे. डाळिंब आणि कांद्यावर फवारलेल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या, झाकणे आणि मापे कितीही धुतली तरी वर्गात आणता कामा नयेत. मोजण्यासाठी चिंचोके चांगले. पण देखण्या गुंजा, एरंडाच्या आणि धोत्र्याच्या बिया विषारी असतात आणि लहान मुले बिया तोंडात घालतात. विजेच्या प्रयोगांसाठी दीड व्होल्टचा सेल पुरतो, भिंतीतील वीज कधीही नाही.

राहता राहिला तो खर्च नसल्याचा समज. वस्तू फुकट असल्या तरी त्या जमवणे, निवडणे, कापणे आणि इयत्तेनुसार प्रश्न तयार करणे यांत शिक्षकाचा वेळ जातो. शिक्षणहक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे एका शिक्षकाला एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात, आणि अशा शिक्षकाकडून दररोज नव्या साहित्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. एका केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या गावांच्या गटातील, शाळांनी शिक्षकांच्या शिक्षण परिषदेच्या दिवशी मिळून मोजक्या कृतींच्या पेट्या तयार केल्या, प्रत्येक पेटीत वस्तूंसोबत विचारायचे प्रश्न आणि कोरा नोंदतक्ता ठेवला, आणि त्या पेट्या शाळांत आळीपाळीने फिरवल्या, तर एका शाळेने घेतलेले कष्ट दहा शाळांच्या कामी येतात. शिवाय निरनिराळ्या गावांत भरलेले तक्ते शेजारी ठेवून मुलांना एकमेकांची निरीक्षणे तपासता येतात.