तहानेपूर्वींची विहीर

तहान लागल्यावर विहीर खणणें राज्यकर्त्यास शोभत नाहीं. ‘मागेल त्यास काम’ ही कल्पना विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं तासगांव तालुक्यांत आधींच कसास लावली होती. १९७२ चा दुष्काळ पडतांच वसंतराव नाईकांच्या सरकारनें तीच वाट धरली व १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें ५० लक्ष लोकांस कामें दिलीं. पुढें शहरांतील नोकरदारांवर व्यवसायकर बसवून खेड्यांतील मजुरीची तरतूद केली. १९७७ सालीं कायदा झाला.

गडचांदूरकडील आपला कोरडवाहू कापूस पावसाच्या भरंवशावर. महसुली कारकुनींत हजेरीपट लिहितांना मीं एक पाहिलें : मागणी लेखी असेल तरच हमी खरी. यास्तव शेतकरी बंधूंनीं अर्ज देऊन पोंच अवश्य घ्यावी. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता मिळणें हा हक्क आहे, उपकार नव्हे.