ज्वालामुखीवरील हिमनदी

ज्वालामुखी म्हटला कीं आग आठवते आणि हिमनदी म्हटली कीं हिमालय. हीं दोन्हीं एकाच पर्वतावर नांदत असतील हें सहसा मनांत येत नाहीं. परंतु अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांत, सिॲटल शहरापासून सुमारें ६० मैलांवर, रेनिअर नांवाचा १४,४१० फूट उंचीचा पर्वत आहे. तो निजलेला असला तरी जिवंत ज्वालामुखी आहे, आणि त्याच्या अंगावर वीसांहून अधिक हिमनद्या आहेत. त्यांपैकीं ईशान्य उतारावरील एमन्स हिमनदी ही अलास्का वगळतां संयुक्त संस्थानांत क्षेत्रफळानें सर्वांत मोठी होय. तिचा विस्तार सुमारें ४ चौरस मैल आहे.

प्रशांत महासागरावरून येणारे ओले वारे या पर्वतावर अडतात व हिवाळाभर हिम पडत राहतें. थरावर थर बसून खालच्या हिमाचा घट्ट, निळसर बर्फ होतो. हा बर्फ डोळ्यांना स्थिर दिसतो. वस्तुतः तो स्वतःच्या भारानें हळूहळू उतारावरून वाहत असतो. वाहतांना तो तळचा खडक खरवडतो आणि त्याचें पीठ करतो. तें पीठ मिसळल्यामुळें हिमनदीच्या तोंडांतून निघणारें पाणी ताकासारखें दिसतें. त्या ओढ्याला तेथील लोक ‘पांढरी नदी’ याच अर्थाचें नांव देऊन मोकळे झाले आहेत, आणि तें अगदीं योग्य आहे.

१८७० सालच्या ऑगस्टांत हॅझर्ड स्टीव्हन्स व व्हॅन ट्रम्प हे दोघे शिखरावर पोंचले. परतण्यास उशीर झाला, तेव्हां ज्वालामुखीच्या वाफेनें बर्फांत पोखरलेल्या एका पोकळींत त्यांनीं रात्र काढली. एका अंगास वाफेचा चटका, दुसऱ्या अंगास गारठा! त्याच वर्षीं भूगर्भशास्त्रज्ञ एमन्स यांनींही शिखर गांठलें. हिमनदीला नांव त्यांचेंच आहे.

ही वाफ वाटते तितकी निरुपद्रवी नाहीं. उष्ण, आम्लयुक्त पाणी हजारों वर्षें पर्वताच्या पोटांतून झिरपत राहिलें कीं कठीण खडकाची माती होते. डोंगर बाहेरून भव्य, आंतून कुजका. सुमारें ५,६०० वर्षांपूर्वीं, उद्रेकाच्या वेळीं, असा कुजलेला माथा व ईशान्येची बाजू एकदम ढासळली. त्या ढिगाऱ्यांत पाणी इतकें होतें कीं त्याचा चिखल झाला, आणि तो ६० मैलांहून दूर समुद्राच्या खाडीपर्यंत वाहत गेला. पुढें नव्या लाव्हारसानें माथा पुन्हां रचला गेला. बर्फानें उरलेली खांच झांकली. आजची एमन्स हिमनदी त्याच जखमेवर पसरलेली आहे. खालच्या सपाटीवरील तो गाळ हिमनदीनेंच आणून टाकला असा पूर्वीं समज होता. तो चिखलाचा लोंढा होता हें क्रँडेल व वॉल्ड्रन यांनीं १९५६ सालीं दाखवून दिलें. तोंपर्यंत त्या गाळावर गांवें वसून पिढ्या लोटल्या होत्या.

असा लोंढा येण्यास मोठा उद्रेक लागतोच असें नाहीं. दक्षिण अमेरिकेंत कोलंबिया देशांतील नेव्हादो देल रुइझ या हिमाच्छादित ज्वालामुखीचा १९८५ सालच्या १३ नोव्हेंबरचा उद्रेक लहानच होता. तप्त राखेनें माथ्यावरील बर्फाचा थोडासा भाग वितळला, आणि त्या रात्रीं आर्मेरो शहर चिखलाखालीं गेलें. २०,००० हून अधिक माणसें दगावलीं.

रेनिअरवर तर उद्रेकाचें निमित्तही नेहमीं लागत नाहीं. १९६३ सालच्या डिसेंबरांत एमन्सच्या कडेच्या लिटल टाहोमा शिखराचा मोठा भाग कोसळला. ते खडक हिमनदीवरून ४ मैलांहून अधिक धांवत गेले आणि खालच्या दरींतील प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागेपासून अर्ध्या मैलाच्या आंत थांबले. उन्हाळ्यांत तेथें तंबू लागतात. हिवाळा होता म्हणून बरें. या दगडधोंड्यांचा हिमनदीला मात्र लाभच झाला. उन्हापासून आडोसा मिळाल्यानें तिचें तोंड कांहीं वर्षें पुढें सरकत राहिलें. अलीकडे तें पुन्हां मागें हटूं लागलें आहे. दुरून पाहणाऱ्यास तेथें नुसता दगडांचा माळ दिसतो. बर्फ त्याखालीं असतो.

पर्वताच्या पश्चिमेकडील ऑर्टिंग हें गांव सुमारें ५०० वर्षांपूर्वींच्या अशाच एका लोंढ्याच्या गाळावर उभें आहे. १९९८ सालीं त्या बाजूच्या दऱ्यांत जमिनीचा कंप टिपणारीं यंत्रें बसविण्यांत आलीं. लोंढा निघाल्यास गांवाला फार तर तासाभराची सवड मिळेल असा अंदाज आहे. म्हणून तेथील शाळांतील मुलें उंच जागेकडे चालत जाण्याचा सराव करतात.