बॅग हलकी, फाईल जड: बर्लिनमधल्या नवख्यांची पंचवीस वर्षं

ऑगस्ट २००० मध्ये जर्मनीने परदेशी संगणकतज्ज्ञांसाठी ‘ग्रीन कार्ड’ योजना सुरू केली. पुण्या-मुंबईची मंडळी बर्लिनला उतरू लागली, आणि आधी गेलेल्यांनी मागून येणाऱ्यांना सांगायच्या सूचनांची परंपराही रुजली. त्या सूचनांवरून आज मागे नजर टाकली की एक गोष्ट लक्षात येते. सामानाचा घोर मिटला, कागदांचा वाढला.

सुरुवातीच्या सूचना बॅगेच्या असत. कुकर आण, हिंग-गोडा मसाला आण, आपली तीन पिनांची वायर इथल्या भिंतीत बसत नाही. खिशात मार्क असत. युरोच्या नोटा आल्या २००२ मध्ये. दुकानं शनिवारी चारला बंद होत, ती थेट सोमवारी उघडत. त्यामुळे दूध-ब्रेड शुक्रवारी संध्याकाळीच भरून ठेवायचं. २००३ मध्ये शनिवारची वेळ आठपर्यंत वाढली, २००६ च्या अखेरीस बर्लिनने सोमवार ते शनिवारची मर्यादाच काढून टाकली. रविवार मात्र आजही कडक पाळला जातो. अगदीच नड आली तर मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकानं उघडी सापडतात.

काही सल्ले नुसते जुने झाले नाहीत, चक्क चुकीचे ठरले. ‘टीव्ही घेऊ नकोस, म्हणजे शुल्क लागणार नाही’ हा त्यातला एक. २०१३ पासून प्रसारण शुल्क घरटी झालं. घरात टीव्ही असो-नसो, महिन्याला १८.३६ युरो भरावेच लागतात. पत्त्याच्या नोंदणीनंतर येणारं या शुल्काचं पत्र फसवणुकीचं समजून टाकून देऊ नये; थकबाकी चढत जाते. एका घरात चौघं राहत असतील तर चौघांत मिळून एकदाच भरायचं. रिकाम्या बाटल्यांचाही नियम बदलला. २००३ पासून डब्यांवर आणि प्लास्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत आली. ती सुपरमार्केटच्या यंत्रात परत मिळते, म्हणून बाटली चेपू नका, लेबल फाडू नका.

प्रवासाचा हिशेब २०२३ च्या मे महिन्यात सोपा झाला. ४९ युरोंच्या मासिक तिकिटावर देशभरातल्या शहरी आणि प्रादेशिक गाड्या खुल्या झाल्या. २०२६ मध्ये त्याचे ६३ युरो झालेत. ते बंद करायचं तर महिन्याच्या दहा तारखेच्या आत कळवावं लागतं. सुटं कागदी तिकीट काढलंत तर फलाटावरच्या पेटीत शिक्का मारून घ्या. बिनशिक्क्याचं तिकीट खिशात असलं तरी ६० युरो दंड होऊ शकतो.

फाईल जाड झाली ती घरापायी. नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘अन्मेल्डुंग’, करायची असते. नोव्हेंबर २०१५ पासून त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्रही लागतं. ही नोंदणी झाली की कर क्रमांक टपालाने येतो, पुढची कामं मार्गी लागतात. अडचण अशी की घरं कमी, मागणारे फार. भाड्याने घेतलेली खोली पोटभाड्याने देणारा ‘नोंदणी नको’ म्हणतो आणि नवखा अडकतो. म्हणून खोली बघताना भाड्याच्या आधी नोंदणीचं विचारा. अनामत मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. घर न पाहता मात्र कुणालाही पैसे पाठवू नका.

या सगळ्या बदलांत पत्रपेटी तेवढी जिथल्या तिथे आहे. बर्लिनच्या इमारतींत बहुधा घर क्रमांक नसतात. टपाल नावावर येतं. पेटीवर तुमचं नाव नसेल तर बँकेचं कार्ड, विम्याचं पत्र, कर क्रमांक सगळं परत जातं. पासपोर्टवरचं लांबलचक नाव पेटीवर मावत नसेल तर निदान आडनाव त्याच स्पेलिंगने लावा.

शेजारधर्मही तसाच आहे. रात्री दहानंतर आणि रविवारी ड्रिल, मिक्सर, दणदणाट नको. जिन्यात भेटेल त्याला ‘हालो’ म्हणावं. आपण घरी नसताना आपलं पार्सल शेजारी घेऊन ठेवतात, तसं आपणही त्यांचं ठेवावं.

बॅगेत काय विसरलं ते इथल्या दुकानांत मिळेल. पहिल्या आठवड्यात कामं दोनच: पेटीवर नाव लावणं आणि नोंदणीची वेळ घेणं.