गळका व्हॉल्व्ह: खोलावा कसा, बदलावा केव्हा

सुरतजवळ कडोदरा आणि पलसाणा तालुक्याच्या पट्ट्यात प्लास्टिकच्या पाइपलाइनी दोन जागी दिसतात: उसाच्या शेतात आणि मिलकामगारांच्या चाळीत. खानदेशातून कामाला आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांचा संबंध दुसऱ्या प्रकाराशी येतो. दोन्हीकडे व्हॉल्व्ह बहुधा एकच, आत गोळा फिरणारा. तो गळू लागला की सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची आणि विसरायचे, ही सर्वत्र चालणारी रीत.

शेतात या गळतीने पाणी आणि वीज वाया जाते. चाळीत मात्र आजार येतो. पाणी ठराविक वेळीच सुटत असेल, तर ते बंद झाल्यावर पाइपातील दाब उतरतो आणि पाइप बाहेरचे पाणी आत ओढतो. जिथून थेंब बाहेर येत होता तिथूनच खड्ड्यात साचलेले गटाराचे पाणी आत शिरते. विषमज्वर व कावीळ अशी घरात येते. ई प्रकारची कावीळ गरोदर स्त्रीच्या जिवावर बेतू शकते, हे घरातील पुरुषांनीही ध्यानात ठेवावे. पट्टी गुंडाळून हा धोका टळत नाही.

इथली जमीन काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या ओढाताणीचा ताण सांध्यांवर येतो. उघड्यावरचे प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते ते वेगळेच.

आता दुरुस्ती. प्रथम गळती कुठे आहे ते पाहावे. दांड्याखाली गळत असेल तर दांडीची रबरी कडी (ओ-रिंग) गेली. बाजूच्या नटाशी गळत असेल तर तिथली कडी. बंद करूनही पाणी पुढे जात असेल तर गोळा किंवा त्याची पांढरी बैठक झिजली, नाहीतर आत वाळू अडकली. ज्याला दोन्ही बाजूंस सुटे नट आहेत तोच व्हॉल्व्ह खोलता येतो. चिकटवलेला अखंड प्रकार कापून बदलावा, त्याच्याशी झटापट करू नये.

मोटार बंद करून फ्यूज काढावा व लाइन रिकामी करावी. नट हाताने, फार तर फडक्याच्या पकडीने सोडवावेत. लोखंडी पाना लावला की अंगाला चीर जाते, आणि ती पुष्कळदा दुसऱ्या दिवशी दिसते. व्हॉल्व्ह बंद स्थितीत, म्हणजे दांडा पाइपला आडवा ठेवावा. तरच गोळा बाहेर सरकतो. बऱ्याच व्हॉल्व्हच्या दांड्याला खाली दोन दात असतात. ते बैठकीच्या कडीच्या खाचांत बसवून कडी सोडवायची असते. ही सोय कितीतरी जणांना ठाऊक नसते! मधली दांडी वरून आत दाबून काढावी, वर ओढू नये.

गोळ्यावर क्षार बसले असल्यास तो व्हिनेगरमध्ये भिजत ठेवावा. काचकागदाने घासू नये. एक ओरखडा पडला तरी पाणी झिरपते. रबरी कड्या त्याच मापाच्या नव्या घ्याव्यात. त्यांना ग्रीस, खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नये, काही जातींचे रबर त्याने फुगते. सिलिकॉनचे वंगण चालते. नट हातानेच आवळावेत.

अख्खा व्हॉल्व्ह बदलताना चिकटद्रव पाइपच्याच जातीचा घ्यावा. गरम पाण्याच्या पाइपचा वेगळा असतो. त्याची वाफ पेट घेते, म्हणून जवळ बिडी नको आणि खिडकी उघडी हवी. चिकटवताना व्हॉल्व्ह उघडा ठेवावा आणि शक्यतो २४ तास लाइनला दाब देऊ नये.

पाणी सुरू झाल्यावर पहिले काही वेळ वाहू द्यावे. पिण्याचे पाणी निदान आठवडाभर, उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळून घ्यावे. खड्ड्यात गटाराचे पाणी येत असेल तर व्हॉल्व्ह जमिनीच्या वर उचलून घ्यावा आणि उन्हापासून झाकावा. हा खर्च चाळीने मिळून केला तर कुणा एकाला जड जात नाही.