मधुमेहावर पेशींचा इलाज : आशा किती, घाई किती?

मराठीत मधुमेह, कन्नडमध्ये ‘सक्करे कायिले’, आणि बोलताना दोन्हीकडे नुसती ‘शुगर’! पण जांबोटीतल्या एखाद्या आजोबांची शुगर आणि शाळेत जाणाऱ्या नातवाची शुगर एकच नसते. आजोबांच्या शरीरात बहुधा इन्सुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. मुलांमध्ये दिसणाऱ्या टाइप १ मधुमेहात मात्र आपलीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना शत्रू समजून संपवते. मुलाने गोड खाल्ले किंवा आईचे लक्ष नव्हते म्हणून हा आजार होत नाही. अशा मुलांना इन्सुलिनवाचून जगता येत नाही.

मग बाहेरून नव्या पेशी घालता येणार नाहीत का? येतात. कॅनडातील एडमंटन येथे सात रुग्णांच्या यकृतात मृत दात्यांच्या स्वादुपिंडातील पेशी सोडल्या गेल्या आणि सातही जणांचे इन्सुलिन सुटले. २००० साली हे जगापुढे आले. पण परक्या पेशी टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सतत घ्यावी लागतात आणि त्यांमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. लहान मुलासाठी हा सौदा महागच.

यावर वाट शरीरानेच दाखवली आहे. नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसवताना सहसा रक्तगटसुद्धा जुळवावा लागत नाही. कारण डोळ्यात प्रतिकारशक्ती हात राखून वागते. पीटर मेडावार यांनी १९४८ मध्ये अशा जागांना ‘विशेषाधिकार’ असल्याचे मांडले. पुरुषाचे वृषण ही अशीच दुसरी जागा. शुक्रजंतू वयात आल्यावर तयार होतात. तोवर प्रतिकारशक्तीची आप-परक्याची ओळख होऊन गेलेली असते. त्यांना सांभाळतात त्या ‘सर्टोली’ पेशी. इटलीच्या एन्रिको सर्टोली यांनी १८६५ मध्ये त्यांचे वर्णन केले. या पेशी शुक्रजंतूंभोवती भिंत उभी करतात आणि प्रतिकारशक्तीला शांत ठेवणारे पदार्थही सोडतात.

या पेशींनाच इन्सुलिनचे जनुक दिले तर? अमेरिकेत टेक्सासमधील जॅनेट ड्युफोर यांच्या प्रयोगशाळेने डुकराच्या पिल्लांच्या सर्टोली पेशींवर हे करून पाहिले. जनुक पोहोचवण्यासाठी निरुपद्रवी केलेला विषाणू वापरला. पेशींनी इन्सुलिन बनवले, पण गरजेइतके आणि कायम बनवून घेणे अजून साधलेले नाही. शिवाय रक्तातली साखर पाहून इन्सुलिन कमी-जास्त सोडण्याची बीटा पेशींची हातोटी सर्टोली पेशींकडे नाही.

आपल्या पुण्यातही या प्रश्नावर काम झाले आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांच्या गटाने पेशींना आडोसा देण्याचा मार्ग धरला. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारे कायटोसान वापरून त्यांनी पातळ पडदा बनवला. साखर आणि इन्सुलिन आरपार जावे, पण हल्लेखोर पेशी बाहेर राहाव्यात, ही त्यामागची कल्पना.

ताजी बातमी स्वीडनमधली आहे. उप्साला येथे एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत दात्याच्या पेशी बसवल्या. त्याआधी त्यांची ‘ओळख’ सांगणारी जनुके बंद केली होती आणि संरक्षण देणारे एक जनुक वाढवले होते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे न देताही बारा आठवड्यांनंतर पेशी जिवंत होत्या व इन्सुलिन बनवत होत्या, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशी मुद्दाम थोड्याच दिल्या होत्या, त्यामुळे त्याचे इंजेक्शन मात्र चालूच राहिले.

म्हणजे आशा खरी आहे, पण औषध अजून दवाखान्यात आलेले नाही. ‘स्टेम सेलने शुगर कायमची बरी’ अशा जाहिराती पाहून जमिनीचा तुकडा विकायला निघण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे, की भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मधुमेहावर असा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत.

तोवर घरच्यांनी करायचे ते साधेच आहे. कुणी काढा सांगो वा अंगारा, मुलाचे इन्सुलिन एक दिवसही बंद करू नये. बंद केले तर रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येतो. शिल्लक बाटल्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. उन्हाळ्यात वीज गेली तर पिशवीत गुंडाळून ओल्या मडक्यात ठेवाव्यात. मुलाला वारंवार लघवी, सतत तहान आणि वजनात घट दिसली, तर त्याच दिवशी खानापूर किंवा बेळगाव गाठून रक्त तपासावे. उद्याचा इलाज येईल तेव्हा तो घेण्यासाठी मूल धडधाकट असायला हवे!