मेसोथेलिओमा : एका शब्दाचा अर्थ

वैद्यकीय नावांच्या शेवटी येणारा ग्रीक ‘ओमा’ बहुधा अर्बुद दाखवतो. फुप्फुसांभोवतीच्या व पोटातील आवरणाचा पातळ थर म्हणजे मेसोथेलिअम. त्यातून उद्भवणारे घातक अर्बुद ते मेसोथेलिओमा. त्याला गाठ म्हणावे, तर ते पुष्कळदा जाड थरासारखे पसरते. १९६० साली वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ३३ रुग्णांवरून त्याचे अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीशी असलेले नाते दाखवले. धूळ छातीत गेल्यावर रोग दिसायला बहुधा वीस-चाळीस वर्षे लागतात. तोवर कामगार कारखान्याबाहेर पडलेला असतो. म्हणूनच १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा कामगारांच्या प्रकृतीची नोंद किमान ४० वर्षे ठेवण्यास फर्मावले. दाखल्यावर नुसते ‘छातीचा कॅन्सर’ लिहिले, की धुळीचा माग बुजतो. आम्ही कामगारमंडळी हा अवघड शब्द पाठ करतो, तो एवढ्याचसाठी.