लॅक्स्टनचे शिवार

इंग्लंडातील जुने खेडे पाहावयास निघालेला प्रवासी, गवताने शाकारलेली घरे, भिंतीवर चढलेले गुलाब आणि दगडी पुलाखालून वाहणारा ओढा असे चित्र मनाशी धरून नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन गावी आला, तर त्याची बहुधा निराशाच होईल. रस्त्याच्या कडेने लाल विटांची घरे, सेंट मायकेलचे चर्च, आणि गावाच्या उत्तरेस, नॉर्मन अमदानीतील किल्ल्याची खूण म्हणून उरलेला मातीचा एक हिरवा उंचवटा, एवढे पाहून कोणासही परत फिरावेसे वाटेल. परंतु या गावाची ख्याती ज्यासाठी आहे ते गावठाणात नाही. ते शिवारात आहे, आणि ते पाहण्यासाठी थोडी चिखलवाट तुडविण्याची तयारी हवी.

मध्ययुगात इंग्लंडच्या मध्यभागातील असंख्य गावांची जमीन कुंपणांनी विभागलेली नसे. दोन-तीन विस्तीर्ण, मोकळी शेते असत, आणि त्यांत प्रत्येक कुळाचे अरुंद व लांबट पट्टे इतस्ततः विखुरलेले असत. लॅक्स्टनला वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन शेते आजही याच रीतीने कसली जातात: एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातील पेरा, तिसरे पडीत, आणि दरवर्षी हा क्रम एकेक घर पुढे सरकतो. शेतकऱ्यांची घरे आपापल्या रानात नसून गावातच एकमेकांना लागून आहेत, याचे कारणही हेच, की ज्याची जमीन चहूकडे पांगलेली आहे त्याने घर बांधावे तरी कोणत्या तुकड्यावर?

पट्टे असे विखुरले का, याविषयी विद्वानांत एकमत नाही. चांगली व निकृष्ट जमीन सर्वांच्या वाट्यास सारखी यावी म्हणून, असे एक मत. तर लॅक्स्टनचा कसून अभ्यास करून 1938 साली ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या ऑर्विन दांपत्याचा कल, बैलांचा जड नांगर वारंवार वळविणे कष्टाचे असल्यामुळे लांब पट्टे पडले आणि सामाईक नांगरटीचे काम जसजसे पुढे सरकले तसतशी वाटणी होत गेली, असे मानण्याकडे होता. मला हे दुसरे मत अधिक पटते. न्यायबुद्धीपेक्षा नांगराची सोय शेतकऱ्याला आधी सुचली असावी.

1635 साली, गावचे तत्कालीन मालक सर विल्यम कोर्टन यांच्यासाठी मार्क पिअर्स नामक मोजणीदाराने सगळ्या मौज्याची मोजणी करून नकाशा काढला. तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात प्रत्येक पट्टा दाखविला आहे, आणि नांगरणारी, पेरणारी, कापणी करणारी माणसेही जागोजाग चितारलेली आहेत. वसुलीच्या कागदाला एवढी हौस क्वचितच लाभते.

असे मौजे देशभर होते, मग ते गेले कोठे? 1604 ते 1914 या काळात इंग्लंडच्या पार्लमेंटने पाच हजारांहून अधिक कायदे करून सुमारे 68 लाख एकर जमीन कुंपणबंद केली. उत्पन्न वाढले हे खरे. पण सामाईक चराईवर ज्याची एखादी गाय जगत होती त्या गरिबाचा हक्कही त्याच कलमाने पुसला गेला. लॅक्स्टनचेही बरेचसे रान बंदिस्त झाले, विसाव्या शतकाच्या आरंभी पट्टे एकत्र करून रुंद करण्यात आले, तरी मूळ पद्धत मोडली नाही.

ती न मोडण्यामागे एक कचेरी आहे. 'कोर्ट लीट' नावाची ही जमीनदारी अदालत वर्षाअखेरीस गावच्या डव्हकोट इन या खानावळीत भरते. तत्पूर्वी, नोव्हेंबरच्या अखेरीस, कुळांतूनच नेमलेली ज्यूरी नुकताच गहू पेरलेल्या शेताची पाहणी करते, हद्दीवर खुंट्या ठोकते, आणि कोणी बांध कोरला, रस्ता नांगरला किंवा शेतांमधील राखीव गवती पट्ट्यांत फाळ घातला, तर त्याची नोंद घेते. दंड अगदी किरकोळ असतो. परंतु ज्यांच्याशी रोजचा व्यवहार त्या शेजाऱ्यांनीच चारचौघांत नाव वाचून दाखवावे, ही खरी शिक्षा, असे मला वाटते. 1977 साली न्यायदानविषयक कायद्याने अशा जुन्या अदालतींचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनच्या अदालतीस मुद्दाम अपवाद केला गेला.

मालकी मात्र अनेकदा पालटली. अर्ल मॅनव्हर्स यांच्या घराण्याने 1952 मध्ये ही मिळकत सरकारच्या कृषिखात्यास विकली. 1981 मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली. आणि 2020 मध्ये पुन्हा त्या घराण्याच्या थोर्सबी इस्टेटकडे आली. या उलाढालीत कुळांना घोर लागला नसेल असे कोण म्हणेल? अरुंद पट्ट्यांवर आजची अवजड यंत्रे चालविणे किफायतशीर नाही, आणि निव्वळ इतिहासाच्या आदराने खंड भागत नाही.

पाहुण्याने जूनच्या अखेरीस जावे. शेतांमधले ते राखीव गवती पट्टे तेव्हा रानफुलांनी भरलेले असतात, आणि त्यांवरील गवताचा लिलाव याच सुमारास होतो.